सोळा मिलिमीटरची फळी

आमच्या सोसायटीत ज्याला बॅडमिंटन कोर्ट म्हणत, तिथे कित्येक वर्षं फक्त गाद्या उन्हात पडत. वारा असला की शटल शेजारच्या सोसायटीत जाई आणि वारा पडला की खेळायला कुणी येत नसे. गेल्या दिवाळीनंतर कुणीतरी नेट खाली बांधलं, पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि गाद्यांच्या जागी पिकलबॉल सुरू झाला. कोर्ट मोठं-लहान करावं लागलं नाही, कारण बॅडमिंटन डबल्सचं कोर्ट आणि हे कोर्ट, दोन्ही ४४ फूट बाय २० फूट. १९६५ साली सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर खेळ जन्मला तोही असाच. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान धड सापडेना. मग जोएल प्रिचर्ड आणि मित्रमंडळींनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन वेळ भागवली. म्हणजे 'घरात काय पडलंय ते बघू' हाच या खेळाचा पाया. हे मला तेरा हजार रुपये खर्च करायच्या आधी कळायला हवं होतं.

सोसायटीच्या सभेत पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विरोध केला. 'टॉक टॉक' आवाजाने त्यांना पेपर वाचता येत नव्हता, शिवाय ही परदेशी थेरं. त्यावर सेक्रेटरींनी, हा खेळ भारतात रुजवला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी आणि २००८ साली देशाची संघटनाही उभी केली, असं ठणकावून सांगितलं. गृहस्थ एकदम मऊ पडले. "मग सातच्या आत नको," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्हा नवरा-बायकोसमोर बी विंगमधल्या काकू आणि त्यांचा नातू होता. काकूंचं वय ६९. बँकेतून निवृत्त, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात नातवाचं जुनं प्लायवूडचं पॅडल, म्हणजे या खेळाची बॅट, जिला त्या 'फळी' म्हणतात. मी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेला माणूस. (कॉलेजच्या संघात नव्हे, कॉलेजच्या काळात.) आम्ही ११-२ असे हरलो. दोन्ही पॉइंट बायकोचे.

मी मारत होतो. काकू मारतच नव्हत्या. चेंडू खांद्याच्या उंचीवरून वेगात आला की त्या किंचित बाजूला होत, खच्चून भरलेली बस माणूस निवांत सोडून देतो तशा. मागे वळूनही न बघता म्हणत, "गेला." आणि तो गेलेलाच असे.

दोष पॅडलचा, हे उघड होतं. डलासच्या भाच्याला फोन लावला. त्याने पाऊण तास शिकवणी घेतली. आतला गाभा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. तो १४ मिलिमीटरचा घेतलास तर चेंडू टणकन उडतो, १६ चा घेतलास तर जरा मुरून निघतो. वरचा कार्बनचा पापुद्रा खरखरीत हवा, म्हणजे फिरकी मिळते. लांबी-रुंदीची बेरीज २४ इंचांच्या आत हवी असा नियम आहे. जाडीला आणि वजनाला मर्यादा नाही. किमतीला तर नाहीच.

मी १६ मिलिमीटरचं घेतलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, यावर टोपी फ्री आहे." टोपी घातल्याचं इतकं प्रामाणिकपणे सांगणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. टोपी एक नंबर मोठी होती.

नव्या पॅडलवर चेंडू भाच्याने सांगितल्याप्रमाणे क्षणभर मुरला, आणि मग बाहेर गेला. ११-४. मग मी पॅडलच्या कडांना वजनाच्या पट्ट्या चिकटवल्या. चेंडू आणखी लांब गेला आणि कोपर धरलं. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिस न खेळता! पळायच्या बुटांवर आडवं पळताना घोटा मुरगळला, तेव्हा कळलं की कोर्टाचे बूट वेगळे असतात. आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटं उलटं धावायचं नसतं, वळून धावायचं असतं, हे कळलं तेव्हा मी गाद्या वाळत घालायच्या जागी, पण गादीविना, उताणा पडलो होतो.

शेवटी काकूंनाच दया आली. "अरे, तू सर्व्हिस केलीस की पुढचे दोन्ही फटके टप्पा पडल्यावरच मारायचे. म्हणजे तू मागे अडकलेला आणि आम्ही पुढे नेटपाशी येऊन उभे. अशा वेळी तिसरा फटका आमच्या अंगावर मारून काय मिळतं तुला? हळूच आमच्या पायाशी, किचनमध्ये पाड. तो खाली येईपर्यंत चालत पुढे ये."

"पण काकू, हळू मारला तर..."

"बँकेत अकरा वर्षं कॅरम खेळले मी. सोंगटी होलमध्ये जायला हवी. भिंतीवर नाही."

किचन म्हणजे नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांची पट्टी. तिथे उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. टप्पा पडला तर खुशाल आत जा. नुसता पाय रेषेला लागला तरी चूक, फटका मारून तोल जाऊन आत पडलात तरी चूक. काकू म्हणतात, त्यांच्या आजीचं सोवळं याहून सैल होतं.

दुसरी अडचण घरचीच होती. चेंडू आमच्या दोघांच्या मधून गेला की मी म्हणे "तुझा!" आणि ती म्हणे "तुझा!" आणि चेंडू बेवारशी पडे, आमच्याकडे वीजबिल पडतं तसा. नातवाने नियम सांगितला: मधला चेंडू ज्याच्या फोरहँडला, त्याचा. मी उजवा आणि उभा डावीकडे, म्हणजे माझा. बायको म्हणाली, "हे लिहून फ्रिजवर लावते."

तीन महिने गेले. कडांच्या पट्ट्या काढल्या, कोपर बरं झालं, तिसरा फटका दहांत चार वेळा तरी किचनमध्ये पडू लागला. आणि मागच्या रविवारी आम्ही ९-१० वर होतो. मी दुसरा सर्व्हर; आपले पॉइंट, समोरच्यांचे पॉइंट आणि आपण कितवे सर्व्हर, असे तीन आकडे ओरडायचे असतात, मी ओरडलो, "नऊ-दहा-दोन!" काकूंनी परतवलेला चेंडू मी मऊ, अलगद, कापूस ठेवावा तसा त्यांच्या पायाशी पाडला. पुढे आलो. मग टुक टुक सुरू झालं. त्या हळू, मी हळू. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थसुद्धा पेपर खाली ठेवून खिडकीत आले. चौदाव्या की पंधराव्या टुकला काकूंचा चेंडू वीतभर उंच राहिला. मी रेषेच्या पाऊल मागे होतो, नीट बघितलं होतं. वाकून हवेतच तो नातवाच्या पायात दाबला. नातू उडी मारून बाजूला झाला. पॉइंट! बायको ओरडली. मी दोन्ही हात वर केले. पाय रेषेच्या मागेच होते, पुन्हा बघितलं.

काकू हलल्या नाहीत. त्यांनी फळीने नेटपलीकडे, आमच्या किचनमध्ये बोट केलं. वाकताना डोक्यावरून निसटलेली माझी फुकटची टोपी तिथे पालथी पडली होती.

"अंगावरची वस्तूसुद्धा चालत नाही रे," त्या हळहळून म्हणाल्या आणि चेंडू घेऊन मागे गेल्या. "टोपी उचल आधी, पाय पडेल कुणाचा. हं. दहा-नऊ-एक."