विषाणू आपला, आकडे परके

पावसाळ्यात केंब्रिजहून कोल्हापूरला घरी फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : राजाराम बंधारा किती फुटावर? इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. शुक्रवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात. घरातलं सामान माळ्यावर चढवायचं की नाही, ते त्यावरच ठरतं.

परवा मात्र तात्यांनी वेगळाच विषय काढला. तालमीतला एक पोरगा, चाळिशीही गाठली नव्हती, पहाटे छातीत कळ येऊन गेला. "कोविडच्या लशीनंच गेला म्हणत्यात सगळी. तुमच्या तिकडं काय म्हणत्यात?"

मी त्यांना आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३चा अभ्यास सांगितला. देशातली ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाची अचानक गेलेली माणसं. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, उलट तो कमीच दिसला. कोविडमुळे दवाखान्यात भरती झालेले, घराण्यात असे मृत्यू असलेले, मृत्यूच्या आधी दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेले यांच्यात तो वाढलेला होता. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते देशाचं झालं गं. आपल्या कोल्हापूरचं काय?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

साथीच्या काळात आमचं घर इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारी कोविड सर्वेक्षणात होतं. महिन्यातून एकदा एक बाई यायच्या. उंबऱ्याबाहेरच थांबायच्या आणि पाकीट पुढे करायच्या. आम्ही घरात आपापल्या घशातून नि नाकातून स्वॅब फिरवायचा, नळीत घालून झाकण घट्ट लावायचं, नळी परत द्यायची. लेकीला शिंका यायच्या, बाई दारातूनच हसायच्या. कुणी आजारी असो-नसो, देशभर हजारो घरांतून असे नमुने जायचे. पॉझिटिव्ह नमुन्यांतल्या विषाणूचा जिनोम, म्हणजे जवळजवळ ३० हजार अक्षरांची ती माळ, वाचून कुठलं अक्षर बदललं ते बघायचे. प्रत्येकाला स्वतःचा एकच आरोग्य क्रमांक असल्यामुळे चाचणी, व्हेरियंट (विषाणूचा बदललेला प्रकार), लशीचे डोस आणि दवाखान्यातली भरती या चारही गोष्टी एकमेकींशी जोडता यायच्या.

म्हणूनच २०२१च्या जूनमध्ये इथल्या आरोग्य खात्याला सांगता आलं की ॲस्ट्राझेनेकाचे दोन डोस झालेल्यांना डेल्टा या व्हेरियंटमुळे भरती होण्यापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण मिळतं. ॲस्ट्राझेनेका म्हणजे आपली कोविशिल्ड, पुण्यात बनलेली. आणि डेल्टा ज्या बी.१.६१७ कुळातला, त्याचे सुरुवातीचे नमुने २०२०च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातच सापडले होते.

आता दोन तारखा बघा. १३ मे २०२१ला भारतानं कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर ६ ते ८ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवड्यांवर नेलं. आधार दिला प्रामुख्यानं ब्रिटनमधल्या अनुभवाचा. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं पन्नाशीपुढच्यांसाठी तेच अंतर १२ आठवड्यांवरून ८ वर आणलं, कारण डेल्टा त्यांच्या नमुन्यांत वाढताना दिसत होता. आपण धरलेला अनुभव डेल्टाच्या आधीचा होता. लशीचा तुटवडा होता हे मला मान्य आहे, पण आपल्याच मातीतल्या व्हेरियंटसाठी आपण परक्या देशाचे जुने आकडे वापरले, हे मला आजही सलतं. इन्साकॉगच्या, म्हणजे विषाणूचे जिनोम वाचणाऱ्या आपल्या सरकारी जाळ्याच्या, प्रयोगशाळा डिसेंबर २०२०मध्ये उभ्या राहिल्या होत्या. पाच टक्के पॉझिटिव्ह नमुने वाचायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात मोठी लाट येईपर्यंत एक टक्काही गाठला गेला नव्हता.

तात्यांचा दुसरा डोस त्या मे महिन्यात होता, तो पुढे गेला. जूनमध्ये त्यांना ताप आला आणि आठ दिवस ते ऑक्सिजनवर होते. दुसरा डोस वेळेत मिळाला असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. एका माणसावरून तसं काही सिद्ध होत नाही, तालमीतल्या त्या पोरावरूनही नाही.

याच लशीमुळे क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचंही तेच. लाखात एखाद-दुसऱ्याला, डोसनंतर साधारण महिन्याभरात होणारा हा त्रास इथं २०२१च्या वसंतात उघड सांगितला गेला आणि चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली गेली. घरच्या ग्रुपवर ही बातमी २०२४मध्ये आली, ॲस्ट्राझेनेका कंपनीनं कोर्टात दिलेल्या कागदांमधून, आणि सगळे हादरले. धोका वेळेवर घरोघरी पोचवला असता तर लोक लस सोडून पळाले असते, असं मला वाटत नाही. उशिरा कळल्यामुळे मात्र आता प्रत्येक हार्ट अटॅक लशीच्या नावावर चढतोय.

इथलं सगळं बरोबर होतं असं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं गेली, आणि ते घरोघरचं सर्वेक्षणही मार्च २०२३मध्ये बंद केलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. पण कोल्हापूरनं करण्याजोगी एक गोष्ट स्वस्तातली आहे. माणसाच्या शौचातून विषाणू सांडपाण्यात उतरतो, त्यामुळे कुठला व्हेरियंट वाढतोय ते दवाखाने भरायच्या आधीच कळू शकतं. पुण्यात असं काम झालंय. आपल्याकडं जयंती नाल्याचं पाणी कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथून आठवड्याला एक बाटली भरा, तपासा आणि आलेला आकडा बंधाऱ्याच्या पातळीशेजारी छापा. शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकणारी पोरं आहेत, त्यांना हे शिकवता येईल.

तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे नाल्याचं बी फूट मोजायचं?"

"व्हय तात्या. तसंच."

"मग लिही की कुणाला तरी."