बूट आले, भाड्याचं काय?
गरीब खेळाडूंसाठी देणगीदारांनी पुढं यावं, असं सांगणारा लेख वाचला; म्हणणं पटलं. पण आमच्या खान्देशात देणगी म्हणजे ट्रॅकसूट, हार आणि फोटो! नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची पोरं डोंगर चढउतार करूनच तयार झालेली. दम कमी नाही. अडतं ते स्पर्धेला जायच्या एसटी भाड्यावर. आणि दिवाळीनंतर आईबापासोबत गुजरातला ऊसतोडीला गेली, की सराव खलास. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ नुसार ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चात बसतं. मग तो पैसा प्रशिक्षकाच्या पगारावर, पोरं गावातच राहतील अशा वसतिगृहावर का नाही? आमच्या तालुक्यातली एक पोरगी तर अनवाणीच पळाली. देणगीतले बूट दोन नंबर मोठे. माप कुणी विचारलंच नव्हतं.