त्या रात्री मी कथाच लिहीत होते

आत्ता घरी पोचले आणि साडीसुद्धा न बदलता लिहायला बसलेय. उद्या लिहिलं तर शहाण्यासारखं लिहीन, म्हणून आजच.

चुलत जावेचं डोहाळजेवण होतं संगमनेरला. फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. पोरगी इतकी गोड दिसत होती! ती कविता करते, आणि चांगल्या करते (मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही, तुम्हाला माहितेय). ओटी भरताना कुणीतरी कौतुकाने म्हणालं की हिची कविता यंदा एका मासिकात छापून आली. झालं. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीने, तिच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, "आता ते लिहिणं-बिहिणं ठेव हो बाजूला. नाहीतर आमच्या नाशिकच्या सूनबाईंसारखं व्हायचं. पोरगं तापाने फणफणलंय आणि ह्या आपल्या कथा लिहितायत!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. हातात ओटीचं तबक होतं, दुसरं काय करणार?

शेजारी माझा मुलगा उभा होता. पाचवीत आहे आता, सगळं कळतं. त्याने मान वर करून विचारलं, "मला ताप होता?"

ही गोष्ट आमच्या घराण्यात मुंजीत सांगून झाली, वास्तुशांतीत सांगून झाली, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत सांगितली गेली. दर वेळी ताप वाढतो. पहिल्यांदा एकशे एक होता, आज एकशे चारवर गेला. आणखी दोन-तीन कार्यं झाली की पोराला मी दवाखान्यात एकटं सोडून आले होते असं ठरेल.

तर खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकते.

जुलैचा शेवट होता. ज्यांनी दिवाळी अंकांत लिहिलंय त्यांना माहितेय, दिवाळी अंकाची दिवाळी आषाढातच असते. एका संपादकांनी पहिल्यांदा माझ्याकडे आपणहून कथा मागितली होती. आपणहून! त्याआधी मी पाठवायचे आणि उत्तरच यायचं नाही. पूर्वी निदान साभार परतीचं पाकीट तरी यायचं म्हणतात. आमच्या पिढीच्या नशिबात तेही नाही, ईमेल नुसती विहिरीत पडते. आणि ह्यांनी मागितली. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी सकाळची. कथा पूर्ण होती, फक्त शेवट जमत नव्हता. आणि संध्याकाळी पोराला ताप भरला. तीन वर्षांचा होता. डॉक्टरांकडे नेलं, व्हायरल आहे म्हणाले, औषध दिलं. रात्रभर दर थोड्या वेळाने थर्मामीटर, कपाळावर पट्ट्या, पाणी पाज, कपडे बदल. हे सगळं मी केलं. मांडीवर त्याचं डोकं होतं. त्याचा डोळा लागला की उजव्या हाताने मोबाईलवर एकेक वाक्य टाइप करत होते, कारण लॅपटॉप घ्यायला उठले असते तर तो जागा झाला असता. पहाटे ताप उतरला आणि कथाही उतरली. पाठवली. छापून आली.

त्या रात्री पलीकडच्या खोलीत अजून एक पालक झोपला होता. सकाळी मीटिंग होती त्याची. ती मीटिंग कुठल्याही मुंजीत कुणी काढत नाही.

(तो वाईट नाही हो. ही पोस्ट तो वाचणार आहे आणि खाली हार्ट देणार आहे. पण झोपला होता.)

गाडीत दीड-दोन तास मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. समजा, त्या रात्री मी मोबाईलवर ऑफिसचं काम करत असते. इन्कम टॅक्सचे रिटर्न भरत असते, कुणाचं तरी एक्सेल दुरुस्त करत असते. तोच मुलगा, तोच ताप, तीच मांडी. आत्याबाईंनी काय सांगितलं असतं? "बिचारी! पोराच्या उशाशी बसून नोकरीचं काम केलं हो तिने रात्रभर!" डोळ्यांना पदर लावून सांगितलं असतं. माझं उदाहरण देऊन इतर सुनांना टोमणे मारले असते. कथा होती म्हणून मी कैदाशीण.

आणि ह्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. कथा आली तेव्हा आत्याबाईंचा पहिला प्रश्न होता, "किती मिळाले गं?" मी म्हटलं, अंक मिळाला. त्यांनी तो अंक हातात धरून उलटा-सुलटा केला, जाहिराती पाहिल्या, राशिभविष्य वाचलं आणि परत दिला. पैसे आले असते तर ते काम ठरलं असतं. पैसे नाहीत म्हणजे चैन. आणि पोर आजारी असताना आईने चैन करायची?

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून महाराष्ट्र फराळाबरोबर कथा वाचतोय. ह्याचं आपल्याला केवढं कौतुक. जगात कुठे नाही म्हणे अशी परंपरा! मग त्या अंकात लिहिणाऱ्या बाईने ते कधी लिहावं, ह्याचा विचार परंपरेने केलाय का? की चकल्या तळता तळता?

आता कुणीतरी खाली बहिणाबाई आणणार. आणतातच. "बहिणाबाई जात्यावर दळता दळता ओव्या रचायच्या, त्यांना कुठे होता वेळ?" मला हे वाक्य ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. अहो, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गायच्या आणि ते हवेत जायचं. जे उरलं ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतलं म्हणून. त्या गेल्या १९५१ साली आणि पुस्तक आलं १९५२ साली. स्वतःचं पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही! आणि जे त्या दिवशी कुणी उतरवून घेतलं नाही ते किती असेल, ह्याचा हिशोब कोण करणार? ह्याला तुम्ही आदर्श व्यवस्था म्हणून माझ्या तोंडावर फेकता? त्यांची प्रतिभा अफाट होती म्हणून ती जात्याच्या घरघरीतूनही ऐकू आली. माझी एवढी नाही. मला टेबल लागतं आणि बंद होणारं दार लागतं. साध्या माणसाला साधी सोय लागते, आणि पुरुषांत कितीतरी साधे लेखक त्या सोयीवर आयुष्यभर लिहीत आलेत. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही जात्यावर का नाही रचत?

दुसरा गट लक्ष्मीबाई टिळकांना आणतो. "स्मृतिचित्रे आली तेव्हा साठी उलटून गेली होती त्यांची. मुलं मोठी झाली की लिही ना, पळून जातंय का?" बरोबर, १९३४ साली त्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला तेव्हा त्या सहासष्टच्या होत्या. पण त्याआधी काय पोथी वाचत बसल्या होत्या का? कविता करत होत्या. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं करत होत्या. हात चालू होता बाईचा. वीस वर्षं पेन खाली ठेवायचं आणि मग एक दिवस उचलून थेट स्मृतिचित्रे लिहायची, असं होत नाही हो. पळून जातं. खरंच पळून जातं.

मान्य, मूल लहान असताना त्याला आई लागते. लागतेच. मलाही तेव्हा दुसरं कुणी त्याच्या उशाशी बसलेलं चाललं नसतं. आणि मान्य, नोकरी करणाऱ्या बापालाही लिहायला वेळ मिळत नाही. पण तो लिहायला बसला तर घर पाय न वाजवता चालतं, हे तुम्हीही पाहिलंय, मीही पाहिलंय. पुढे.

मला खरं बोलायचंय ते आत्मविश्वासाबद्दल. कारण आज निघताना एका मैत्रिणीने, चांगल्या मनाने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू कशाला मनावर घेतेस? स्वतःवर विश्वास ठेव." लेखनाच्या कार्यशाळांतही हेच सांगतात. एका शिबिरात एक नामवंत लेखक म्हणाले होते, रोज पहाटे पाचला उठून तीन तास बैठक मारा, स्वतःवर श्रद्धा ठेवा, बाकी सगळ्या सबबी. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की पाचला उठून मी पोळ्या लाटते, आणि ह्यांच्या त्या बैठकीत चहा आपोआप टेबलावर येत असणार.

स्वतःवरचा विश्वास हा काय आकाशातून पडतो? लिहायला बसल्यावर दर पाच मिनिटांनी दार वाजतं. "आई, खोडरबर कुठेय?" "अगं, गॅस बंद केलास का?" "बिझी आहेस का?" ह्यातला कुठलाच प्रश्न वाईट नाही. पण संध्याकाळपर्यंत तुम्हाला इतक्या वेळा, इतक्या प्रेमाने सांगितलेलं असतं की तुम्ही करताय ते थांबवता येण्यासारखं आहे, की शेवटी तुम्हालाही तेच वाटायला लागतं. कोण मी? कोण वाचणारेय? भाजी तरी निवडू. आपण ह्याला बाईचा न्यूनगंड म्हणतो आणि तिला प्रेरणादायी व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओ नको. दार लावून घ्या बाहेरून आणि खोडरबर शोधून द्या.

साहित्य संमेलनं १८७८ पासून भरतायत. पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. सहाव्या ताराबाई भवाळकर, २०२५ साली. सहाव्या! त्यातल्या दुर्गाबाई भागवतांनी आणि शांताबाई शेळक्यांनी संसारच मांडला नाही. मी काही सिद्धांत मांडत नाहीये. नुसतं सांगतेय.

आता थोडं सासूबाईंबद्दल, कारण हे लिहिलं नाही तर खोटं होईल.

आज आत्याबाई बोलत होत्या तेव्हा सासूबाई समोरच्याच खुर्चीवर होत्या. त्यांना सगळं माहितेय. त्या रात्री तीनच्या सुमाराला त्याच उठून आल्या होत्या, पट्टीचं भांडं माझ्या हातातून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "मी बसते, तू संपव ते." नवऱ्याला जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं होतं. आणि आज त्या गप्प बसल्या. इतका राग आला मला! दहा शब्दांचं काम होतं. "अहो वन्सं, मीच तिला लिही म्हटलं होतं." संपलं असतं.

सिन्नर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याही खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग मध्येच म्हणाल्या, "त्या कथेतली म्हातारी मीच ना गं?"

कथेत एक म्हातारी आहे. गावचं घर विकल्यावर ती दाराची कडी उचकटून घेऊन येते आणि शहरातल्या कपाटात साड्यांखाली ठेवते. सासूबाईंच्या कपाटात ती कडी आहे. मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि कथा त्यांनी वाचली हेही इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, हो, तुम्हीच. त्या म्हणाल्या, "पण माझी कडी पितळी आहे. तू लोखंडी लिहिलीस."

राग गेला. पूर्ण नाही, पण गेला. नणंदेसमोर चाळीस वर्षं जी बाई बोलली नाही, ती आज भर हॉलमध्ये माझ्यासाठी बोलेल असं मी का धरून चालले होते? तरी बोलायला हवं होतं. असो.

पोराला मी उत्तर दिलं. म्हटलं, होता ताप, एकशे एक, आणि तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने विचारलं, मग त्या आजी का हसल्या? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आइस्क्रीम होतं.

आणि तू, जी आज झोपाळ्यावर बसून हसून माझ्याकडे बघत होतीस (वाचशील हे, तू रात्री जागी असतेस). तुला उपदेश करणार नाही, आजच्या दिवसात तुला तो पोटभर मिळालाय. बाळ झाल्यावर पहिले काही महिने काही सुचणार नाही, झोप येत राहील, ते तसंच असतं. मग एखादी ओळ येईल, तेव्हा ती मोबाईलवर बोलून ठेव, मराठी व्हॉइस टायपिंग आता बरं चालतं. भलतेसलते शब्द उमटतात, पण कळतं. बाळंतपणाला माहेरी जाशील तेव्हा आईला आत्ताच सांगून ठेव की दुपारचा एक तास बाळ तिचं. लाडाने नको सांगूस, ठरवून सांग. आणि कुणी हसलं की माझं नाव पुढे कर. माझी बदनामी आधीच झालेली आहे, तिच्यात अजून एक कविता सहज मावेल.

यंदाच्या दिवाळीसाठी अजून कुणी कथा मागितलेली नाही. तरी मी घेतलीये लिहायला. ह्या कथेत कडी पितळी असेल.

आणि ज्यांना खाली "तुला बरा वेळ मिळतो बाई!" लिहायचंय, त्यांनी लिहू नका, या. शनिवारी चार ते सहा. मुलाला बुद्धिबळ आवडतं, हरलं की चिडतो, सांभाळून घ्या. सासूबाईंना गप्पा लागतात. चहा तुमचा तुम्ही करून घ्यायचा आहे, साखर वरच्या फळीवर डावीकडे. मी आतल्या खोलीत असेन.