‘शेअर=ऑन’ म्हणजे गेस्टची रॅम चव्हाट्यावर नव्हे

एका यंत्रावर (होस्ट) व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘क्यूएमूमध्ये (गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) मेमरीला शेअर=ऑन लावू नका. लावलंत की गेस्टची रॅम होस्टवरच्या कुठल्याही प्रोसेसला वाचता येते. व्हीहोस्ट-नेट (गेस्टचं नेटवर्क कर्नलमधून सांभाळणारा भाग) त्याच्याविना चालतं, मग व्हीहोस्ट-यूजरला (तेच काम स्वतंत्र प्रोसेसकडे देण्याची पद्धत) ते कशाला हवं? वर मशीन मंदावतं, आणि ह्यूजपेजेस (मेमरीची नेहमीच्या 4 केबीपेक्षा मोठी पेजेस) नसतील तर जमतच नाही.’ यावर विसंबून लोक डिव्हाइस बॅकएंड (गेस्टच्या नेटवर्क कार्डासारख्या डिव्हाइसचं काम होस्टवर करणारा भाग) वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यायचं सोडून देतात. याचं मला वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठल्याही प्रोसेसला वाचता येते.’ साफ चूक. शेअर=ऑनने एवढंच ठरतं की क्यूएमू रॅम मॅप करताना मॅप_शेअर्ड वापरणार (लिहिलेलं मूळ मेमरीत जातं) की मॅप_प्रायव्हेट (लिहिलेलं स्वतःच्या प्रतीत राहतं). ती कुणाला दिसणार, हे त्या मेमरीचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा प्रोसेसकडचा क्रमांक) कुणाच्या हाती पडतो त्यावर ठरतं. मेमएफडी (फक्त मेमरीत राहणारी फाइल; लिनक्स 3.17, वर्ष 2014) वापरलं तर त्या मेमरीला फाइलसिस्टिममध्ये नावच नसतं. क्यूएमू युनिक्स सॉकेटवरून बॅकएंडला मेमरीचा तक्ता पाठवतो: प्रत्येक तुकड्याचा गेस्टमधला पत्ता, आकार आणि सोबत डिस्क्रिप्टर. सॉकेटच्या पलीकडे जो बसला आहे त्यालाच ते मिळतं. रूट किंवा तितकेच अधिकार असलेली प्रोसेस प्रॉकमधून (चालू प्रोसेसेसची माहिती देणारी डिरेक्टरी) तिथवर पोचू शकते, हे खरं. पण तिला प्रायव्हेट रॅमही तशीच वाचता येते. जपायचं ते एका ठिकाणी: मेमरीसाठी डेव्ह-एसएचएममधल्या (रॅममध्येच राहणाऱ्या फाइलींची डिरेक्टरी) फाइलचं पूर्ण नाव दिलंत तर ती फाइल तिथे उरते आणि तिच्या परवानग्या तुम्हाला सांभाळाव्या लागतात. नुसती डिरेक्टरी दिली तर क्यूएमू तात्पुरती फाइल बनवून लगेच तिचं नाव पुसतो.

‘व्हीहोस्ट-नेटला लागत नाही.’ बरोबर, पण का? व्हीहोस्ट-नेट (लिनक्स 2.6.34, वर्ष 2010) कर्नलमध्ये आहे आणि क्यूएमूच्याच अॅड्रेस स्पेसमधून वाचतं-लिहितं. स्वतंत्र प्रोसेसला ती सोय नाही. समजा दोघांकडे एकच फाइल आहे, पण क्यूएमूने ती प्रायव्हेट मॅप केली. गेस्ट एक पॅकेट बफरमध्ये ठेवतो, 16 बाइटांच्या डिस्क्रिप्टरमध्ये (इथे रांगेतली नोंद, फाइल डिस्क्रिप्टर नव्हे) पत्ता आणि लांबी भरतो, अव्हेलेबल रिंगचा (बॅकएंडसाठी तयार कामांची रांग) इंडेक्स 0 वरून 1 करतो आणि बॅकएंडला इव्हेंटएफडीने (प्रोसेसला जागं करायची घंटी) खूण करतो. गेस्टने त्या पेजवर पहिल्यांदा लिहिलं त्या क्षणी कर्नलने त्याची वेगळी प्रत काढून दिली. मूळ पेज जसंच्या तसं राहिलं. बॅकएंड जागा होतो, इंडेक्स बघतो, तो अजून 0. काम नाही असं समजून परत झोपतो. कुठेही एरर नाही, आणि नेटवर्क ठप्प! शेअर=ऑन मागितलं जातं ते यासाठी.

‘मशीन मंदावतं.’ असं मोजून सांगणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. आकडे खरे असतील, कारण मात्र वेगळं आहे. साध्या अनामिक (कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या) मेमरीला बहुतेक होस्टवर ट्रान्सपरंट ह्यूजपेजमुळे 2 एमबीची पेजेस आपोआप मिळतात. मेमएफडीसाठी शेमेम_एनेबल्ड ही वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात ‘नेव्हर’ असते. म्हणजे तुलना 2 एमबीच्या पेजेसची 4 केबीच्या पेजेसशी झाली, शेअर्डची प्रायव्हेटशी नव्हे. ती सेटिंग ‘अॅडव्हाइज’ करा आणि पुन्हा मोजा. खरी किंमत दुसरीकडे आहे: केएसएम (सारखी पेजेस एकत्र करून रॅम वाचवणारी कर्नलची सोय) अशी शेअर्ड पेजेस एकत्र करत नाही. एकाच इमेजवरून ढीगभर गेस्ट उभे करणाऱ्याला ते जाणवेल.

ह्यूजपेजेसची सक्ती नाही. डीपीडीकेच्या (वेगवान नेटवर्किंगची लायब्ररी) बहुतेक उदाहरणांत ती दिसतात म्हणून तसा समज झाला. व्हीहोस्ट-यूजर 4 केबीच्या पेजेसवरही चालतं.

भ्यायचंच असेल तर ज्याची या सल्ल्यात चर्चाच नाही, त्याला भ्या. बॅकएंडला गेस्टची जवळजवळ सगळी रॅम मिळते, नुसते पॅकेटचे बफर नव्हे. 8 जीबीच्या गेस्टचं नेटवर्क सांभाळणारी प्रोसेस त्याच्या डिस्कच्या चाव्याही वाचू शकते. व्हर्च्युअल आयओएमयू (डिव्हाइसला कुठल्या पत्त्यांवर जाता येईल ते ठरवणारा भाग) लावला तरी मॅपिंग बॅकएंडकडेच असतं. पत्ता आधी विचारून मगच वाचणं हे त्याच्या प्रामाणिकपणावर राहतं. व्हीएफआयओ-यूजरमध्ये (डिव्हाइस वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची दुसरी पद्धत) डिस्क्रिप्टर न देता वाचन-लेखनाचे निरोप पाठवायची सोय आहे. ते संथ आहे, पण दारावर एमुलेटर, म्हणजे क्यूएमू, उभा राहतो.

आणि क्यूएमू क्लायंट म्हणून जोडला जात असेल, तर त्या पाथवर जो ऐकत बसला असेल त्याला रॅम मिळणार. म्हणून सॉकेट सगळ्यांना लिहिता येणाऱ्या टेंप डिरेक्टरीत ठेवू नका. त्याला स्वतंत्र, 0700 परवानगीची (फक्त मालकाला प्रवेश) डिरेक्टरी द्या, आणि बॅकएंड रूट म्हणून चालवू नका.