नदीप्रदूषणाच्या तक्रारीविषयी खुलासा

‘भीमा किंवा सीना नदीत सांडपाणी सोडले गेले, तर हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायसंस्थेकडे) फक्त नदीकाठचा जमीनमालकच दाद मागू शकतो आणि त्यासाठी वकील लागतोच,’ असा संदेश सोलापुरातील अनेक गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. मीही तो न पडताळता पुढे पाठवला होता, म्हणून मूळ कायदा वाचून हे लिहीत आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 18 नुसार बाधित झालेली कोणतीही व्यक्ती, तसेच प्रातिनिधिक संस्था किंवा संघटना अर्ज करू शकते. जमिनीच्या मालकीची अट त्यात कुठेही नाही, आणि अर्जदाराला वकिलाशिवाय स्वतःही अर्ज सादर करता येतो. महाराष्ट्रासाठीचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. मुदत मात्र गांभीर्याने घ्यावी: कलम 14 खालील (पर्यावरणविषयक वाद सोडवण्यासाठीचा) अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून 6 महिन्यांत करावा लागतो (सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते), तर नुकसानभरपाई मिळवणे आणि पर्यावरण पूर्वस्थितीत आणणे यांसाठी कलम 15 मध्ये 5 वर्षे दिली आहेत.

पुण्याकडून मुळा-मुठेचे पाणी भीमेतूनच उजनी धरणात येते, त्यामुळे बाधित कोण हा प्रश्न काठाच्या सातबाऱ्यापुरता उरत नाही, असे माझे मत आहे.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्या गटात तो टाकला असेल, तिथे हा खुलासा द्यावा.