कलम 151 : कुठेही चालणारे आणि नेमके हवे तेव्हा न चालणारे

आमच्या तालुका न्यायालयाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये जो टंकलेखक बसतो, त्याच्या संगणकात दिवाणी अर्जाचा एक कोरा नमुना कायमचा साठवलेला आहे. वर न्यायालयाचे नाव, खाली वादी-प्रतिवादी, मग दावा क्रमांकाची रिकामी जागा आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत एक तयार ओळ : ‘अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 151 अन्वये’. मुदत मागायची असो, कागद दाखल करायचे असोत की मयत प्रतिवादीचे वारस लावायचे असोत, ही ओळ पुसली जात नाही. एकदा मी हटकले तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या ना साहेब, ते कुठंबी चालतंय.” वीस-बावीस वर्षे वकिली केल्यावर मला वाटते, आमच्या व्यवसायाने या कलमाचे काय करून ठेवले आहे ते त्या एका वाक्यात पुरते आले आहे.

हे कलम मुळात सांगते काय? न्यायाच्या उद्दिष्टासाठी किंवा न्यायालयीन प्रक्रियेचा दुरुपयोग रोखण्यासाठी आवश्यक ते आदेश देण्याचा जो अंगभूत अधिकार न्यायालयाकडे आहे, त्याला या संहितेतील कोणत्याही गोष्टीमुळे मर्यादा पडते असे मानू नये, एवढेच. अधिकार ‘देण्यात येत आहे’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही; तो आधीपासून आहे हे गृहीत धरून त्याला हात लावायचा नाही असे म्हटले आहे. 1859, 1877 आणि 1882 च्या संहितांमध्ये असे कलमच नव्हते, तरीही 1905 साली कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वुड्रॉफ यांनी हुकूमचंद बोईद यांच्या प्रकरणात लिहिले की, कोणतीही संहिता सर्व प्रसंगांची आधीच कल्पना करू शकत नाही आणि न्याय देण्यासाठीच बसलेल्या न्यायालयाकडे त्यासाठी लागणारा अधिकार असतोच. 1908 च्या संहितेने तीच गोष्ट कलमात मांडली. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्याला ती संहिता 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. पण वुड्रॉफ यांचा तर्क मान्य केला, तर हा अधिकार त्याआधीच्या हैदराबादी न्यायालयांकडेही होताच, असे म्हणावे लागते.

या अधिकाराचे मोल मला ज्या निकालाने पटले, तो पंजाबातील अग्रक्रयाधिकाराच्या, म्हणजे विकली जाणारी जमीन इतरांआधी विकत घेण्याच्या हक्काच्या, एका दाव्यातला आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत उरलेली रक्कम न्यायालयात भरली तरच जमीन, नाहीतर दावा रद्द, असा तो हुकूमनामा होता. वादी जंग सिंग मुदतीच्या बराच आधी पैसे घेऊन आला. न्यायालयाच्याच लिपिकाने चलन तयार केले, न्यायालयाने तेवढी रक्कम भरण्याचा आदेश दिला आणि त्याने ती भरली. मुदत टळल्यावर समोरच्याच्या लक्षात आले की, चलनात एक रुपया कमी लिहिला गेला आहे. त्या एका रुपयासाठी जमीन जाण्याची वेळ आली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1963 साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वादीच्या बाजूने निकाल देताना म्हटले की, न्यायालयाच्या स्वतःच्या कृतीने पक्षकाराचे नुकसान होऊ नये, याहून वरचे तत्त्व नाही. मी हा निकाल अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर आमच्या नाझराची, म्हणजे न्यायालयात पैसे भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याची, खिडकी, तिथली रांग आणि कार्बन घालून घाईने चलन लिहिणारा माणूस येतो. असा एक रुपया कोणाच्याही हातून सुटू शकतो.

मर्यादाही त्याच काळात ठरल्या. 1960 च्या पद्म सेन प्रकरणात उत्तर प्रदेशातील एका मुन्सफाने, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाने, हिशेबाच्या वह्या जप्त करून आणण्यासाठी कमिशनर नेमला होता आणि त्या कमिशनरला लाच दिल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अंगभूत अधिकार हा कामकाज कसे चालवावे यासंबंधीचा आहे. पक्षकाराच्या मालकीच्या वस्तूवर हात टाकण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. नेमणूकच बेकायदा ठरल्यामुळे तो कमिशनर लोकसेवकही राहिला नाही आणि शिक्षा टिकली नाही. पुढच्याच वर्षी मनोहरलाल चोप्रा प्रकरणात बहुमताने असे ठरले की, संहितेच्या ऑर्डर 39 मध्ये, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या नियमांत, न बसणाऱ्या परिस्थितीतही तात्पुरता मनाई हुकूम या अधिकारात देता येतो. मात्र त्याच निकालात इंदूरच्या न्यायालयाने आसनसोलच्या दाव्यातील पक्षकाराला दिलेली मनाई चुकीची ठरवण्यात आली. न्यायमूर्ती शहा यांनी तर असा अधिकारच नाही, असे वेगळे मत लिहिले. थोडक्यात, जिथे स्पष्ट तरतूद आहे तिथे हे कलम नाही, जिथे ती नाही तिथेही जपूनच.

आता आमच्याकडची रोजची गोष्ट. दोघे सख्खे भाऊ, एकच गट नंबर, मध्ये एक बांध. थोरल्याने वाटपाचा दावा लावला, धाकट्याने बांधावरून बैलगाडी न्यायला अडवू नये म्हणून कायमच्या मनाईचा. साक्षीदार तेच, मोजणीचा नकाशा तोच, तलाठ्याला दोनदा समन्स. असे दावे एकत्र चालवण्याची स्पष्ट तरतूद मूळ संहितेत नाही. ते अंगभूत अधिकारातच एकत्र करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली चित्तिवलसा ज्यूट मिल्स प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे कलम 151 ची खरी जागा ही. मी तसा अर्ज दिला. रोजनाम्यात दोन ओळींचा आदेश आला : ‘कलम 151 च्या अधिकाराचा वापर अपवादात्मक परिस्थितीतच करता येतो. अर्ज नामंजूर.’ त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावरून, त्याच कलमाखाली चौथी मुदत मात्र समोरच्या बाजूला पाचशे रुपये खर्चावर मिळाली, ज्या मुदतीसाठी ऑर्डर 17 स्वतंत्र बसलेली आहे.

मी त्या न्यायाधीशांना दोष देऊन मोकळा होत नाही. दिवसाला ज्यांच्यासमोर तीस-चाळीस अर्ज येतात आणि प्रत्येकाच्या कपाळावर 151 असते, त्यांच्या लेखी त्या आकड्याला अर्थ उरणार कसा? लांडगा आला रे म्हणून रोज ओरडणारे आम्हीच आहोत. गैरहजेरीत झालेला आदेश रद्द करून घेण्याची ऑर्डर 9 ची मुदत हुकली की 151, फेरविचाराला ऑर्डर 47 मध्ये जागा नसली की 151, आदेशातील लेखनचुकीच्या दुरुस्तीसाठी कलम 152 असतानाही 151. खरोखर तरतूद नसलेली अडचण घेऊन आम्ही उभे राहतो, तेव्हा न्यायाधीश आधी संशयानेच पाहतात.

याची किंमत वकील मोजत नाही, पक्षकार मोजतो. कलम 151 खालच्या आदेशावर अपील नाही. 2002 च्या सुधारणेनंतर पुनरीक्षणाचा, म्हणजे खालचा आदेश उच्च न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, दरवाजाही बहुतेक अंतरिम आदेशांसाठी बंदच आहे. उरते ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खालची रिट याचिका, म्हणजे उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. 1981 साली ते सुरू झाल्यामुळे मुंबईची वारी चुकली, हे खरे. पण किनवट किंवा देगलूरच्या शेतकऱ्याला तेही जवळ नाही आणि बांधाच्या भांडणात तेवढा खर्च करणे त्याला परवडतही नाही. तो म्हणतो, “जाऊ द्या साहेब, दोन्ही दावे चालू द्या.” आणि दोन्ही चालतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली वेलुसामी प्रकरणात पुरावा पुन्हा खुला करण्यासाठी हे कलम वापरता येते असे सांगताना, तो अधिकार नित्याचा होऊ नये आणि वापरताना कारणे लिहिली जावीत, असे बजावले. माझे म्हणणे त्याच्या दुसऱ्या बाजूचे आहे : नाकारतानाही कारणे लिहिली जावीत. दुसरी कोणती तरतूद लागू होते, हे सांगून अर्ज फेटाळला, तर पक्षकाराला पुढची वाट तरी दिसते. ‘अपवादात्मक परिस्थिती नाही’ एवढ्याने काहीच दिसत नाही.

दोन्ही भावांच्या दाव्यांत धाकट्याने मागच्या महिन्यात तिसरा दावा जोडला, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी शेडमध्ये न जाता घरी बसून, आणि पहिल्या दोन परिच्छेदांत संहितेतील कोणती तरतूद का लागू होत नाही एवढेच मांडले. अर्जाला निशाणी, म्हणजे दाव्यातल्या कागदांचा नोंद क्रमांक, 31 पडली आहे. समोरच्या वकिलांनी म्हणणे दाखल करण्यासाठी मुदत मागितली, तो अर्ज निशाणी 32 आहे. त्याच्या वर ठळक अक्षरांत कलम 151 लिहिलेले आहे.