टाइप टू म्हणजे ‘हलका बायपोलर’ नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने एक मेसेज टाकला, ‘बायपोलर ओळखा एका मिनिटात’. (बायपोलर म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार.) त्यात चार दावे होते. सकाळी हसू, संध्याकाळी रडू म्हणजे बायपोलर. टाइप वन गंभीर, टाइप टू सौम्य, मनाने घेतलं की जातो. उदास वाटलं तर डिप्रेशनची साधी गोळी पुरते. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेतलं की माणसाचा दगड होतो. माझी ताई टाइप टूची रुग्ण आहे आणि त्याच ग्रुपवर आहे. तिला विचारूनच लिहितेय.

सकाळ-संध्याकाळचं आधी उरकते. दिवसातून तीनदा मूड पालटतो तो आपल्या सगळ्यांचाच. बायपोलरचे चढउतार दिवसांत आणि आठवड्यांत मोजतात. मॅनिया, म्हणजे बेफाम चढ, म्हणायला किमान ७ दिवस (दवाखान्यात भरती करायची पाळी आली तर दिवस मोजत बसत नाहीत), हायपोमॅनियाला, म्हणजे त्याहून सौम्य चढाला, ४ दिवस, नैराश्याला २ आठवडे. ‘रॅपिड सायकलिंग’ हे नाव ऐकून तासातासाचा खेळ वाटतो, पण तेसुद्धा वर्षात चढाचे किंवा उताराचे चार किंवा जास्त एपिसोड, इतकंच. सायक्लोथायमिया या जवळच्या आजारात चढही अर्धवट आणि उतारही अर्धवट, मात्र मोठ्या माणसात हे किमान दोन वर्षं चालू असावं लागतं.

आता ‘सौम्य’चं. वन आणि टू म्हणजे एकाच तापाचे १०३ आणि ९९ नव्हेत. टाइप वनला आयुष्यात एकदा मॅनिया झाला तरी पुरे, नैराश्य यायलाच हवं अशी अट नाही. टाइप टूमध्ये मॅनिया कधीच झालेला नसतो, पण हायपोमॅनिया आणि पुरतं नैराश्य ही दोन्ही लागतात. सौम्य असतो तो फक्त चढ. उताराचं काय? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टाइप टूच्या ८६ रुग्णांचा सरासरी १३ वर्षं आठवड्याच्या हिशेबाने माग ठेवला होता. त्यांचे निम्मे आठवडे नैराश्याच्या लक्षणांत गेले होते. हायपोमॅनियाचे जेमतेम एक टक्का. आत्महत्येचा धोकाही टाइप वनपेक्षा कमी धरता येत नाही. (कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.)

तो एक टक्का आमच्या घरात कसा दिसला ते सांगते. ताई रात्री तीन तास झोपायची आणि ताजीतवानी असायची. पहाटे दोनला उठून मसाल्याचे सगळे डबे रिकामे करायचे, घासायचे, नवी लेबलं चिकटवायची. त्या दिवाळीत तिने अख्ख्या बिल्डिंगच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या आणि क्रेडिट कार्डावर पीठ मळायचं मोठं यंत्र आणलं. आधीचे सहा महिने ती अंथरुणातून उठत नव्हती, त्यामुळे आई सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली, ‘पोरगी सुधारली हो माझी!’ जानेवारीत तिला केस विंचरायलाही उठवेना. यंत्र अजून माळ्यावर आहे.

तिसरा दावा इथेच अडकतो. डॉक्टरकडे आपण जातो ते उतारावर असताना, चढावर कोण जातं? त्यामुळे ताईच्या केसपेपरवर तीन वर्षं नुसतं डिप्रेशन होतं आणि गोळ्याही तेवढ्याच्याच. बायपोलरमध्ये मूड सावरणारं औषध जोडीला नसताना नुसत्या त्या गोळ्या दिल्या तर माणूस चढावर ढकलला जाऊ शकतो, किंवा मन खचलेलं आणि अंगात मात्र वीज, अशी मिश्र अवस्था येऊ शकते, आणि ती फार धोक्याची. टाइप टूमध्ये काही डॉक्टर जपून या गोळ्या वापरतात, तो निर्णय त्यांचा. पण फॉरवर्ड वाचून मेडिकलमधून आणायची ही वस्तू नाही, आणि चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. ताईचं निदान बदललं ते एका प्रश्नाने: ‘झोप कमी होऊनही दमायला झालं नाही, असे दिवस कधी आले होते का?’ ताई नाही म्हणाली. आई म्हणाली, हो, दिवाळीत.

राहिलं लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर त्याचा उपयोग दाखवला आणि आजही ते पहिल्या फळीत आहे. आत्महत्येचा धोका ते कमी करतं, हे वारंवार दिसलं आहे. हात थरथरतात, तहान लागते, हे खरं. अगदी बधिर वाटत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलता येतो. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन पातळी बघतात, शिवाय किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची: आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, जुलाब, कडक ऊन, मीठ एकदम बंद करणं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि त्याची विषबाधाही होऊ शकते.

मावशी, ताईने निर्जळी एकादशी सोडली ती यामुळे. दोन वर्षं तू तिला त्यावरून बोलते आहेस.